वरची वडी

माझ्या आत्याला बाजारभर काटाआत्या म्हणतात. हा काटा वजनाचा की गुलाबाचा, हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून ठरवावं. तिच्या टेबलावर वजनकाटा असतो हे खरं, आणि तिच्याकडून निघालेली माणसं कुठे काही टोचलंय का ते चाचपत जिना उतरतात, हेही खरं. मी तिची भाची, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी. मला दोन्ही काटे तोंडपाठ आहेत.

लहानपणी तिच्याकडे गेलं की ती म्हणायची, "दोन बिस्किटं मिळतील." आणि दोनच मिळायची. तिसऱ्यासाठी मी रडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, एकदा पोट दुखतंय म्हणूनही सांगून पाहिलं. तर पोट दुखतंय म्हटल्यावर पहिली दोनसुद्धा गेली. आमच्या आईचा हात सैल, "घे गं अजून एक" हे तिचं पालुपद, त्यामुळे आत्या मला चिक्कू वाटायची. ती चिक्कू नव्हती. शाळेत न्यायला येते म्हणाली की घंटेच्या आधी फाटकात उभी असायची, आणि आजारपणात मदत करते म्हणाली की शेवटच्या औषधापर्यंत करायची. बोलली त्याहून कमी तिने कधी कुणाला दिलं नाही. फक्त जास्तही दिलं नाही. हे सगळं मला मोठेपणी कळलं, पण तिसऱ्या बिस्किटाचा राग काही गेला नाही.

लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "माल पसंत पडला नाही."

माल हाच तिचा जन्माचा विषय. बंदराजवळच्या एका कचेरीत, जिथून लोकांचा माल परदेशी रवाना होतो, तिथे तिची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात किंवा कुंड्यांना पाणी घालत बसतात. आत्याने घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. त्यावर काटा, चिकटपट्टीचं रीळ, कात्री आणि एक मोजपट्टी. घरगुती धंदेवाले तिच्याकडे यायला लागले. कापडी पिशव्या शिवणारी, मेणबत्त्या करणारी, घडीची स्टुलं बनवणारा. यांचा माल चांगला, पण समुद्रापलीकडे पाठवायचा म्हटलं की हातपाय गळतात. खोका कसला घ्यायचा, लेबलावर काय लिहायचं, कस्टमवाले काय विचारतात, तिकडचं गिऱ्हाईक कशाला नाक मुरडतं, हे सगळं आत्या शिकवते. फी ठरलेली. कागद टाइप करायला मी.

पण तिची खरी शिकवणी वेगळीच. सगळी तयारी झाली की ती म्हणते, "आता मी परकी."

मग ती बाहेर जिन्यावर जाते, दार लावून घेते, बाहेरचा चष्मा चढवते आणि दार उघडून आत येते ती एक अनोळखी बाई म्हणून. या बाईला मराठीचं अक्षर कळत नाही. ही कुणाची आत्या नाही. हिने फक्त पैसे भरून एक खोका मागवलाय आणि तो टेबलावर आहे. आता ही तो उघडणार, आणि ज्याचा माल त्याने भिंतीला पाठ लावून गप्प उभं राहायचं. काही समजावायचं असेल तर ते खोक्यातूनच समजलं पाहिजे, कारण तिकडे तुम्ही सोबत जाणार नाही.

स्टूलवाल्याची परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली आहे. पाय कुठल्या बाजूने उघडायचे याचं चित्र त्याने खोक्यात घातलं नव्हतं. "एवढं तर कुणालाही कळतं," असं तो म्हणाला होता. परकीने पाय उलटे उघडले, त्यावर बसली आणि धाडकन जमिनीवर आली. तो धावला, मी धावले. परकी आमचा हात घेईना. जमिनीवर बसूनच तिने तक्रारीचा मजकूर हवेत बोटाने लिहिला, खाली सही ठोकली आणि मगच चष्मा काढून म्हणाली, "अरे मेल्या, कंबर गेली माझी. चित्र घाल." त्याने चित्र घातलं. कंबर आठवडाभर शेकावी लागली, ती मी शेकली.

आत्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे 'वर एक'. आपल्याकडे डझन घेतलं की एक वर टाकायची दुकानदाराला खोड असते. आत्याला ती सवय म्हणजे आगीशी खेळ वाटायचा. त्याला कारणही होतं. मेणबत्तीवालीने एकदा तिला न सांगता प्रत्येक खोक्यात दोन मेणबत्त्या वर टाकल्या. कागदावर एक आकडा, खोक्यात दुसरा. तिकडच्या कस्टमने माल अडवला आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. चौकशी संपेपर्यंत उन्हाने सगळ्या मेणबत्त्यांचं एकत्र कुटुंब झालं. मेणबत्तीवाली इथेच या खोलीत बसून रडली होती, आणि आत्याने तिला पाणी दिलं होतं, एक पेला.

अशा आत्याच्या दारात साबणवाला आला.

साबणवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला. पुढे दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक मोठी लोखंडी कढई, वड्या कापायची तारेची चौकट आणि भिंतीभर फळ्या, ज्यांवर वड्या वाळत असतात. वडिलांनी सुरू केलेला धंदा. वडील गेले, आणि मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत साबणांपुढे हा साबण मागे पडत गेला. मेहुण्याने गोदामात नोकरी बघून ठेवली होती. बायको म्हणत होती, कढई विका आणि सुटा. अशात परदेशातल्या एका छोट्या दुकानाच्या मालकिणीने कुठून तरी मिळालेला याचा साबण वापरला आणि चाचणी म्हणून थोड्या पेट्या मागवल्या. पसंत पडल्या तर पुढे कायमची मागणी.

"आत्या, ही ऑर्डर लागली तर कढई राहील," तो म्हणाला. "नाही लागली तर गोदाम. तिथे दिवसभर खोकी उचलायची आणि आत काय आहे ते विचारायचं नाही."

आत्याला तो आवडला हे मला लगेच कळलं, कारण ती त्याच्यावर जास्त खेकसायला लागली. वड्या नीट वाळल्याशिवाय पॅक करू नकोस, वजन उतरतं. लेबलावर घटक लिही. 'गुप्त पद्धत' काय लिहितोस, गुप्त असेल तर तिकडे घेणार नाहीत. त्याने सगळं ऐकलं. तयारी झाली आणि आत्या म्हणाली, "आता मी परकी."

परकी आत आली. खोका उघडला, वास घेतला, मान डोलावली. साबणवाला भिंतीशी फुलून आला. मग परकीने कागद समोर धरला आणि वड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेरावी वडी दोन बोटांच्या चिमटीत धरून तिने उचलली आणि भुवया वर केल्या.

"ती वरची!" साबणवाला म्हणाला.

परकीच्या कपाळाला आठी पडली. तिला मराठी कुठे येतं! समोरच्याला आपली भाषा कळत नसली की आपण ओरडून बोलतो, तसा हाही ओरडला, "व-र-ची! तुम्हाला! अशीच!" छातीवर हात ठेवून दाखवला, दोन्ही हात पुढे करून दाखवले. परकीने वडी कागदावर ठेवली, आकड्यावर बोट टेकवलं, आणि फोन उचलून पोलिसांना लावल्यासारखं केलं. मग चष्मा काढला आणि मराठीत परत आली.

"कागदावर बारा, खोक्यात तेरा. तुझ्या मनात माया, त्यांच्या मनात चोरी. काढ ती."

"मग तेरा लिहा ना."

"तेरा लिहिले तर तेराचे पैसे लावायचे."

"मग ती वरची कुठे राहिली? ती तर विकलेलीच झाली."

"म्हणूनच सांगते, बारा."

साबणवाल्याचा चेहरा उतरला. "आत्या, गिऱ्हाईक वळलं तरी माझे वडील हाक मारून परत बोलवायचे. 'अहो, तुमची वरची राहिली!' आमच्या बापाने जन्मात कुणाला बाराचं डझन दिलं नाही."

"म्हणूनच तुझ्या बापाचा साबण या बाजाराच्या बाहेर गेला नाही," आत्या म्हणाली.

साबणवाल्याने एकेक वडी उचलून खोक्यात भरली, खोका काखेत मारला आणि निघून गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

"आत्या, बोलायची काही रीत?" मी भडकले. मी लवकर भडकते, ते आमच्या घराण्यात आहे.

"खरं तेच बोलले."

"मेलेल्या बापाला काट्यावर चढवायची काय गरज होती?"

रिळाच्या चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं, ते ती नखाने शोधत बसली.

साबणवाला पुन्हा आला नाही. जहाज कुणासाठी थांबत नसतं; माल बंदरावर पोचवायची तारीख जवळ येत चालली होती. आत्या रोज जिन्याकडे कान देऊन बसायची आणि मी बघितलं की कानातला मळ काढल्याचं नाटक करायची. शेवटी साबणवाल्याच्या बायकोचा मला फोन आला. नवऱ्याने मेहुण्याला होकार कळवला होता, आणि कढई बघायला रविवारी कुणी भंगारवाला येणार होता. ती म्हणाली, "मीच म्हणत होते विका म्हणून. आता ते कढई घासत बसतात तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही हो."

मी हे आत्याला सांगितलं. तिने चहा शांतपणे संपवला, पिशवी घेतली आणि म्हणाली, "साबण संपलाय. चल."

तिच्या न्हाणीघरात साबणाचं एक अख्खं कपाट भरलेलं आहे. मी गप्प बसून चपला घातल्या.

दुकानाच्या मागच्या दारातून कढई दिसत होती, घासून लख्ख. साबणवाल्याने आम्हाला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"काय हवं?"

"एक डझन," आत्या म्हणाली.

त्याने डझन मोजलं, कागदात बांधलं, पैसे घेतले. एक शब्द नाही. आत्याही तोंड उघडेना. इतकी माणसं हिने बोलून गार केली, आणि आज हिची दातखीळ बसली. ती वळली, पायरीपर्यंत गेली. मागून आवाज आला.

"आत्या, तुमची वरची राहिली."

त्याने वडी पुढे धरली होती, पण नजर दुसरीकडे, जबडा आवळलेला. राग पुरता उतरला नव्हता. आत्याने वडी घेतली आणि चालायला लागली.

रस्त्यात मी पिशवी मागितली, तिने दिली. वरची वडी मात्र तिच्या मुठीतच होती. कोपऱ्यावर ती थांबली.

"रागात होता ना गं तो?"

"चांगलाच."

"तरी दिली."

"हो."

"मला वाटायचं, ही माया असते. माया असती तर आज दिली नसती," ती म्हणाली. "ही रीत आहे त्याची. मायेला कागदावर रकाना नसतो गं. पण रीत असेल तर ती लिहिता येते."

आणि तिथूनच उलटी फिरली. तिच्या मागे जाता जाता माझी दमछाक झाली. दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "उद्या खोका घेऊन ये. तेरा वड्या. आणि ती कढई किती घासशील, झिजेल ना!"

"पण आत्या, कागदावर—"

"कागदाचं मी बघते, तू साबणाचं बघ." मग जरा घुटमळली. "तुझ्या वडिलांबद्दल मी बोलले ते चुकलं. मला वाईट वाटतंय. हे एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस."

"कशाला विचारतोय," साबणवाला म्हणाला आणि डोळे पुसत आत पळाला. रविवारी भंगारवाला आला त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तो खोका घेऊन आला त्या दिवशी मात्र आमच्या टेबलावर जे रण माजलं त्याला तोड नव्हती. आत्याने कागदावर वरचीसाठी वेगळी ओळ काढली. आता त्या ओळीत लिहायचं काय?

"नमुना," आत्या म्हणाली. "नोकरीभर लिहीत आले. फुकट जाणाऱ्या वस्तूला नमुना म्हणतात."

"नमुना म्हणजे बघा आणि आणखी घ्या. त्यात स्वार्थ आला. वरचीत तो नसतो."

"मग भेट लिही."

"भेट लग्नामुंजीत देतात. ही भेट नव्हे."

"मग आहे तरी काय?"

"वरची आहे!"

"विक्रीसाठी नाही, असं लिहू," मी मधे पडले. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू टाइपरायटरच बोलला. पण तेच ठरलं. मग किंमत. साबणवाला म्हणे शून्य. आत्या म्हणे, कस्टमवाल्यांचा शून्यावर विश्वास नसतो, कागदापुरती तरी काही किंमत लावावीच लागते.

"वरचीला किंमत कशी लावू, आत्या? जीभ रेटत नाही."

"तू नको लावूस. कागद लावेल."

यावर त्याने बराच विचार केला. "कागद लावणार असेल तर लावू दे," तो म्हणाला. "त्याला काय कळतंय."

तर ओळ अशी झाली: साबणाची वडी, एक, विक्रीसाठी नाही. आणि पुढे आत्याने परदेशी अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वरची'. तिकडच्या दुकानालाही आधी कळवून टाकलं की प्रत्येक खोक्यात अशी एक वस्तू येईल, दचकू नका. वरचीला वेगळा पातळ कागद गुंडाळला आणि ती सगळ्यात वर ठेवली. "वरची ती वरच," साबणवाला म्हणाला आणि आपल्याच विनोदावर एकटाच हसला.

"आता मी परकी," आत्या म्हणाली.

दार लागलं, दार उघडलं. परकीने खोका उघडला. वरच पातळ कागदातली वडी. तिने कागदावरची ओळ शोधली, बोट टेकवलं, वाचली. सगळं जुळत होतं. आता तिने ती बाजूला ठेवून बाकीच्या मोजायच्या होत्या. पण ती वडी हातात धरून तशीच उभी राहिली. कागदाची घडी हळूच उलगडली, वास घेतला.

"अगं बाई," परकी म्हणाली, "मला?"

मी साबणवाल्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

"आत्या," तो दबकत म्हणाला, "तुम्हाला मराठी येत नाही ना?"

आत्याने चष्मा काढला आणि आमच्याकडे पाठ करून तो बराच वेळ पुसला. "पास," एवढंच म्हणाली.

माल गेला. मग सुरू झालं वाट बघणं. साबणवाला रोज काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी रीळ परत द्यायला, कधी तेच रीळ मागायला. गोदामवाल्या मेहुण्याने जागा धरून ठेवली होती, पण तोही किती दिवस धरणार? आत्या म्हणायची, "तोंड पाडून बसायचं असेल तर घरी बस, इथे जागा लागते." आणि तो आला नाही की मला विचारायची, "आज कुठे मेला तो?"

फोन आला तेव्हा तो नेमका समोर होता. तिकडची दुकानदारीण बोलत होती. आत्याने फोन आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, आणि दोघींचं त्यांच्या भाषेत सुरू झालं. मला त्यातलं थोडं कळत होतं, साबणवाल्याला काहीच नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, सवयीने. आत्याचा चेहरा काटा स्थिर झाल्यावर दिसतो तसा. मग त्या सगळ्या अनोळखी बोलण्यातून मधेच एक शब्द आला.

"...वार्ची..."

साबणवाला भिंतीपासून सुटला. "वरची म्हणाली! ती वरची म्हणाली ना?"

आत्याने हाताने त्याला गप्प केलं. तिकडून आणखी बरंच काही आलं, काही प्रश्न आले. आत्याने एका प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ घेतला. मग ती ठामपणे काहीतरी म्हणाली, तिकडची बाई हसली, आणि फोन बंद झाला.

"माल पसंत आहे," आत्या म्हणाली. "पुढच्या खेपेला याच्या तिप्पट. आणि मग दर महिन्याला."

साबणवाला मटकन खाली बसला. खुर्ची शेजारी होती तरी जमिनीवर. "म्हणजे कढई..."

"कढई राहिली. आता दुसरी घ्यावी लागेल."

तो रडला, न लाजता. मलाही आवरलं नाही. जरा वेळाने नाक पुसून त्याने विचारलं, "आणि वरचीचं काय म्हणत होती?"

"त्यांच्या दुकानातल्या पोरींनी त्या वरच्या वड्या घरी नेल्या. आता शेजारपाजार मागतोय. तिला नुसत्या वरच्यांच्या काही पेट्या हव्यात. भाव विचारत होती."

साबणवाला वर बघत राहिला. इतके दिवस मोडकळीला आलेला धंदा, आणि परदेशातून भाव विचारतायत. "मग... तुम्ही काय भाव सांगितलात?"

जन्मभर प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहीत आलेल्या माझ्या आत्याने टेबलावरची कात्री उगाच सरळ केली.

"सांगितलं, ती विकत मिळत नाही. डझन घ्या, वर एक येईल."

मग ती आत गेली आणि चहा घेऊन आली. साबणवाल्याच्या बशीत दोन बिस्किटं, तिच्या बशीत दोन. माझ्या बशीत तीन होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने मोजून एक परत नेलं असतं.